घरी बनवलेल्या गेमबॉयसाठी चार स्क्रीन लावून बघितल्या, त्याची गोष्ट

आधीच सांगून टाकतो, हा तयार चिनी हँडहेल्डचा, म्हणजे हातात धरून खेळायच्या गेमच्या डबीचा, रिव्ह्यू नाहीये. ज्याला नुसतं खेळायचंय त्याने सरळ तयार घ्यावा आणि सुखात राहावं, उगाच बोटं भाजून घेऊ नयेत. हा त्या सुट्या स्क्रीनचा रिव्ह्यू आहे ज्या आपण आणतो, रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरला डकवतो आणि "मी गेमबॉय बनवला" म्हणून ग्रुपवर फोटो टाकतो. फोटोत सगळ्याच स्क्रीन भारी दिसतात हो, फोटो हलत नसतो ना. मारिओ पळायला लागला की मग कळतं कोण किती पाण्यात आहे.

माझं सामान साधंच. पाय झिरो २ डब्ल्यू, म्हणजे २०२१ ला आलेला चार कोरवाला, ५१२ एमबी रॅम, एक १८६५० चा सेल, चार्जिंगची छोटी पाटी, टॅक्ट बटणं आणि मित्राने त्याच्या प्रिंटरवर काढून दिलेली बॉडी, जिचं एक झाकण आजही नीट बसत नाही. वर रेट्रोपाय, म्हणजे जुने गेम चालवायचं सॉफ्टवेअर. बाकी सगळं तेच ठेवून वर्षभरात चार स्क्रीन बदलल्या, बायकोच्या भाषेत "त्या डबड्याचं चौथं ऑपरेशन".

पहिली घेतली ती सगळे घेतात तीच. २.८ इंची, लाल पाटीची, मागे एसडी कार्डाची खाच, आत आयएलआय९३४१ चिप, ३२० बाय २४० पिक्सेल. पुण्यात तापकीर गल्लीत गेलो होतो, तिथे दुकानदार म्हणाला, "साहेब टचवालीच घ्या, थोडाच फरक आहे, सगळे तीच नेतात." घेतली. टचचा उपयोग आजतागायत शून्य, उलट काचेवर तो टचचा जास्तीचा पापुद्रा येतो तो उन्हात चमकतो आणि रंग थोडे मळकट दिसतात ते वेगळंच. बिनटचची मिळाली तर तीच घ्या, पैसेही वाचतील.

आता हिच्यावर सगळीकडे ओरड असते की स्लो आहे, लॅग आहे, ३० एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांच्या (फ्रेमच्या), वर जात नाही. मीपण आधी तेच म्हणायचो. पण नीट बघितलं तर बिचारी काच स्लो नाहीये, तिच्यापर्यंत चित्र नेणारा पाईप बारीक आहे. गच्चीवर टाकी भरलेली असते पण खाली बाथरूमला अर्धा इंची पाईप, मग शॉवर कितीही महागाचा लावा, धार तेवढीच येणार. इथे पाईप म्हणजे एसपीआय, एकच डेटाची वायर, तिच्यातून एका वेळी एक बिट. हिशोब करून बघा ना, ३२० गुणिले २४० म्हणजे ७६,८०० पिक्सेल, प्रत्येकाला १६ बिट, म्हणजे एका फ्रेमला १२,२८,८०० बिट. सेकंदाला असे ६० फ्रेम पाहिजेत तर सव्वासात कोटीच्या वर बिट त्या एका वायरीतून जायला हवेत. चिपच्या डेटाशीटमध्ये लिहायचा वेग दिलाय १० मेगाहर्ट्झ, म्हणजे कंपनीचं ऐकलं तर जेमतेम ८ फ्रेम! अर्थात कंपनीचं कोणी ऐकत नाही, सगळे ती चारपट-सहापट पळवतात आणि ती बिचारी पळतेपण. ३२ मेगाहर्ट्झला टाकलं की २६ फ्रेम मिळतात, ४० ला ३२, ५० ला ४० च्या आसपास, आणि माझ्याकडे जास्तीत जास्त चालली ती ६६ च्या थोडी वर, तिथे होतात ५४. म्हणजे सगळा जोर लावूनसुद्धा पूर्ण स्क्रीनचं चित्र ६० वेळा जातच नाही, कागदावरच जात नाही.

६६ पर्यंत पोचायलासुद्धा मला दोन रविवार लागले, ते सांगतो कारण तुमचंही इथेच अडणार. मी ब्रेडबोर्डच्या त्या रंगीत जंपर वायरी लावल्या होत्या, वीतभर लांबीच्या, दिसायला छान इंद्रधनुष्य. ४० पर्यंत ठीक, ५० ला टाकलं की कडेला रंगीत किडे वळवळायला लागले आणि ६६ ला तर सरळ पांढरी स्क्रीन. मला वाटलं स्क्रीनच गेली, दुकानदाराला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या, दुसरी आणायला गाडीला किक मारणार तेवढ्यात म्हटलं एकदा वायरी कापून बघू. बोटाच्या दोन पेरांएवढ्या केल्या, जंपरचे टोक काढून डायरेक्ट सोल्डर मारलं, क्लॉकच्या वायरीशेजारून ग्राउंडची वायर नेली आणि चालली की, पहिल्या फटक्यात ६६ ला. म्हणजे दुकानदार निर्दोष. त्या स्पीडला वायर ही नुसती वायर राहत नाही, लांबी वाढली की सिग्नलची खिचडी होते, एवढं लक्षात ठेवा.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र एक हिरा आहे, एफबीसीपी-आयएलआय९३४१ नावाचा ड्रायव्हर. साधा ड्रायव्हर प्रत्येक वेळी अख्खं चित्र ढकलत बसतो, हा आधीचा फ्रेम आणि आत्ताचा फ्रेम ताडून बघतो आणि जे पिक्सेल बदलले तेवढेच पाठवतो. टेट्रिस खेळताना एक ठोकळा खाली येतोय, बाकी सगळं स्थिर, मग पाठवायला आहेच काय? मस्त ६० ला पळतो. याच्यात कोपऱ्यात आकडे दाखवायची सोय पण आहे, डेटाची वायर किती भरली, किती फ्रेम गेले, ते चालू ठेवून खेळा म्हणजे कुठे गुदमरतंय ते डोळ्याला दिसतं. दोन गोष्टी मात्र आधी करा. एक, कॉन्फिग फाईलमध्ये एसपीआय चालू केलेलं असेल तर ते बंद करा, हा ड्रायव्हर स्वतःच हार्डवेअर हातात घेतो, दोघं एकाच वेळी घुसले की भांडण. दुसरं, हौसेने अगदी नवीन ओएस टाकू नका, हा ड्रायव्हर चित्र दाखवायच्या जुन्या डिस्पमॅनएक्स पद्धतीवर चालतो आणि ती नव्या बुकवर्म ओएसमध्ये काढून टाकलीय. रेट्रोपायची ४.८ ची तयार इमेज आहे ती जुन्या बस्टर ओएसवर आहे, तिच्यावर निमूट चालतं.

तर एवढं सगळं करून दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला त्याच्या हातात दिलं. वय वर्षं नऊ, घरी त्याच्या बाबांच्या मोबाईलवर गेम खेळणारा. पाच मिनिटं खेळला आणि म्हणतो, "मामा, हा मारिओ घसरतोय." मी म्हटलं घसरत नाही रे, बर्फ नाहीये तिथे. "नाही, तो नाही घसरत, मागचं सगळं घसरतंय." च्यायला, बरोबर होता की पोरगा! एका जागी उभं राहून उड्या मारल्या तर सगळं ठीक, पण मारिओ पळायला लागला की मागचे डोंगर, ढग, पाईप सगळंच सरकतं, म्हणजे जवळजवळ प्रत्येक पिक्सेल बदलतो, आणि मग ते "फक्त बदललेलं पाठवा" काही कामाचं राहत नाही, पुन्हा आपला एसपीआयचा पाईप भरला. अशा वेळी हा ड्रायव्हर एक आड एक ओळ पाठवायला लागतो आणि पळणाऱ्या वस्तूंच्या कडांना कंगव्याचे दात फुटतात. मला जाणवलं नव्हतं कारण मी हौसेने बघत होतो. भाचा तटस्थ.

पण उपाय असा निघाला की मलाच हसू आलं. मी चित्र ताणून पूर्ण ३२० रुंदीवर लावलं होतं, कारण कडेला काळे पट्टे दिसले की आपल्याला पैसे वाया गेल्यासारखं वाटतं ना. एनईएसचं, म्हणजे मारिओ ज्या जुन्या निन्टेन्डोवर चालायचा त्याचं, मूळ चित्र मात्र २५६ बाय २४० चं. उंची तर बरोब्बर स्क्रीनएवढी! ते तसंच एकास एक ठेवलं तर दोन्ही बाजूला ३२-३२ पिक्सेलचे काळे पट्टे राहतात, आणि काळा पट्टा कधी बदलत नाही, म्हणजे तो पाठवायचाच नाही. उरले ६१,४४० पिक्सेल, ते ६६ च्या स्पीडला कागदावर ६७ वेळा जातात. म्हणजे अख्खी स्क्रीन सरकली तरी ६० मिळाले, कंगवा गायब. दुसरा फायदा, ताणलेल्या चित्रात कुठली वीट जाड कुठली बारीक असं होत होतं तेही गेलं. त्यासाठी कॉन्फिगमध्ये एचडीएमआयचं रिझोल्यूशनच ३२० बाय २४० करून ठेवायचं आणि रेट्रोआर्चमध्ये, म्हणजे रेट्रोपायच्या आतल्या गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, इंटिजर स्केल (चित्र फक्त पूर्ण पटीतच मोठं करायचं) चालू करायचं. मी आधी ते तसंच सोडलं होतं, म्हणजे २४० चं चित्र आत फुगवून १०८० करायचं आणि परत कोंबून २४० करायचं, अक्षरं सगळी भिजलेल्या वर्तमानपत्रासारखी.

सेगाच्या मेगा ड्राइव्ह या गेम कन्सोलला मात्र ही युक्ती लागू होत नाही, कारण त्याचे बरेच गेम ३२० बाय २२४ मध्ये आहेत, पट्टे नावालाच. हिशोबाने ५८ फ्रेम येतात. दोनच कमी! पण सॉनिक जोरात पळाला की ते दोन कुठे कमी पडले ते बरोबर कळतं. शिवाय याच स्क्रीनचा आणखी एक रोग त्यात ठळक दिसतो, तो म्हणजे तिरकी चीर. ही काच मुळात उभी बनलेली आहे, २४० रुंद ३२० उंच, मोबाईलसारखी, आणि ती स्वतःला त्याच दिशेने रिफ्रेश करते. आपण ती आडवी धरतो आणि आडव्या ओळी लिहितो. तिची दिशा एक, आपली दुसरी, मग नवा आणि जुना फ्रेम जिथे भेटतात ती रेघ सरळ न येता कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी जाते. हे टाळायचं तर चिपकडून "आता लिही" असा इशारा घ्यायला हवा, चिपला तशी पिन आहे सुद्धा, पण या लाल पाटीवर ती बाहेर काढलेलीच नाही. काय बोलणार.

आणि आडवी धरण्याचा दुसरा दंड बघण्याच्या कोनाचा. माझी टीएन या स्वस्तातल्या प्रकारच्या पॅनलची आहे, तिला एक वाईट बाजू असते जिकडून बघितलं की काळं पांढुरकं होतं आणि रंग उलटे व्हायला लागतात. उभी धरली तर ती बाजू वर किंवा खाली जाते, चालून जातं. आडवी धरली की ती डावीकडे किंवा उजवीकडे येते, आणि आपले डोळे पण डावीकडे-उजवीकडेच आहेत! स्क्रीन नाकासमोर फुटभर अंतरावर धरा, एक डोळा मिटा, मग दुसरा मिटा. माझ्या डाव्या डोळ्याला कॉन्ट्राचं जंगल हिरवं दिसतं आणि उजव्याला धुरकट हिरवं. दहा मिनिटांत भुवईच्या वर ठणकायला लागतं, मला आधी वाटलं चष्म्याचा नंबर वाढला.

म्हणून दुसरी आणली ती आयपीएस, म्हणजे कुठल्याही कोनातून नीट दिसणारी, १.५४ इंची चौकोनी, २४० बाय २४०, आत एसटी७७८९. ऑनलाइन मागवली, आली तेव्हा कोपऱ्यात टवका, परत पाठवली, पंधरा दिवसांनी दुसरी आली. पण काच म्हणून काय सुंदर आहे हो! कुठूनही बघा, रंग तेच. चौकोनी असल्यामुळे पिक्सेल कमी, ५७,६००, म्हणजे त्याच ६६ च्या पाईपमधून अख्खं चित्र ६० वेळा आरामात जातं आणि वर थोडं उरतं. आणि जीबीएचं, म्हणजे गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचं, चित्र आहे २४० बाय १६०, म्हणजे रुंदीला बरोब्बर एकास एक, एक पिक्सेल इकडचा तिकडे नाही. मेट्रॉइडचे अंधारे कोपरे मी इतके स्वच्छ याआधी बघितले नव्हते.

पण आकार. पट्टी लावून मोजलं, गेमचं चित्र येतं पावणेतीन सेंटिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटरपेक्षा कमी उंच. मूळ जीबीएची स्क्रीन २.९ इंची होती, त्यापुढे हे म्हणजे पोस्टाचं तिकीट. भाचा मजेत खेळला, मी चाळिशीचा चष्मा लावून पोकेमॉनचे डायलॉग वाचत बसलो, "कोण काय म्हणालं" हे त्यालाच विचारायचो. आणि जुना गेमबॉय, तो १६० बाय १४४ वाला, तो यावर दीडपट करावा लागतो. दीडपट ही फार वाईट गोष्ट आहे. एक पिक्सेल एक होतो, शेजारचा दोन होतो, त्यामुळे इंग्रजी एच अक्षराचा एक पाय बारीक दुसरा जाड, आणि चित्र सरकलं की जाडपणा एका पायातून दुसऱ्या पायात जातो, सगळं झिरमिर हलल्यासारखं. २.८ वाल्यावर तर अजून पंचाईत, दुप्पट केलं तर उंची २८८ होते, २४० मध्ये मावतच नाही, एकास एक ठेवलं तर अर्ध्याहून जास्त काच काळी.

मधे एक वेडेपणा केला तो पटकन सांगून टाकतो. गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याची ४.३ इंची स्क्रीन असते ना, ती कॉम्पोझिटवर, म्हणजे जुन्या टीव्हीच्या एका वायरीच्या सिग्नलवर, चालते आणि पाय झिरोवर टीव्ही आउटचे दोन ठिपके असतातच. तीन वायरी आणि काम झालं, सीपीयूवर काडीचा भार नाही, चित्र थेट येतं, लॅगचं नावच नको. पण ती १२ व्होल्टची असते, ५ वर चालवायला आतली पाटी उघडून छेडछाड करावी लागते, आणि रंग एकमेकांत असे उतरतात की लाल टोपीचा रंग नाकापर्यंत येतो. लहानपणी केबलवाल्याच्या चॅनेलवर जसं दिसायचं अगदी तसं. मी सवयीने टीव्ही सिग्नलची पाल (PAL) पद्धत लावली, आपल्याकडचा टीव्ही पालच होता म्हणून, आणि सगळे गेम अडखळायला लागले, कारण पाल म्हणजे ५० हर्ट्झ आणि हे गेम ६० चे. एनटीएससी ही ६० हर्ट्झची पद्धत केली की सुरळीत. ज्याला लहानपणीचा टीव्ही गेम आठवून रडायचंय त्याने ही जरूर लावावी. मी आठवड्यात काढली.

शेवटची डीपीआय, म्हणजे अनेक वायरींनी एकदम चित्र घेणारी. ही पण २.८ इंची, आयपीएस, पण ६४० बाय ४८०. हिच्यात एक वायर नाही, लाल-हिरव्या-निळ्याच्या प्रत्येक बिटाला स्वतःची वायर, म्हणजे अर्धा इंची पाईप जाऊन थेट कॅनॉलच आला. पायला ती एखाद्या मॉनिटरसारखी दिसते, ड्रायव्हरची भानगड नाही, बदललेले पिक्सेल शोधायचे नाहीत, ६० म्हणजे ६०, चीर नाही, कंगवा नाही. किंमत मात्र पहिल्या लाल पाटीच्या चार-पाच पट पडली, घरी आकडा सांगितलेला नाही. दुसरी किंमत पिनांची. ही बया जवळजवळ सगळ्या पिना खाऊन टाकते, बटणं कुठे जोडणार? मी एक पिको, म्हणजे रास्पबेरीचीच छोटी कंट्रोलर पाटी, घेऊन त्याला बटणं जोडली आणि तो यूएसबीने जॉयस्टिक म्हणून लावला, झिरोला डेटाचा यूएसबी एकच, तो गेला. आवाजाच्या पिना पण हिनेच घेतल्या, त्यामुळे सध्या माझा गेमबॉय मुका आहे. यूएसबीचं छोटं साउंड कार्ड आणि हब बॉडीत कोंबायचा प्रयत्न चालूय, झाकण आता अजिबातच बसत नाही.

पण हिच्यावर गेमबॉयचा गेम लावला तेव्हाचं सांगतो. १६० बाय १४४ ची तिप्पट होते ४८० बाय ४३२, म्हणजे ४८० मध्ये अलगद मावते, दीडपटीची झिरमिर नाही, प्रत्येक पिक्सेल तीन बाय तीनचा कडक चौकोन. सहज पट्टी लावली तर चित्र भरलं ४.३ सेंटिमीटर रुंद. १९८९ च्या मूळ गेमबॉयची स्क्रीन साधारण ४.७ ची होती! म्हणजे आकार जवळपास तोच, फक्त ती हिरवट, भुतासारखी सावली मागे ओढत जाणारी काच नाही. जीबीए दुप्पट बसतो, एनईएस दुप्पट बसतो, सगळे पाढे बरोबर जुळतात. मी रात्री दीड वाजता बाल्कनीत उभा राहून हे बघत होतो आणि आतून आवाज आला, "अहो, झोपताय का आता?"

मग घ्यायची कुठली? पहिल्यांदाच बनवत असाल, बजेट कमी असेल आणि मारिओ-कॉन्ट्रा एवढंच खेळायचं असेल तर लाल पाटीवालीच घ्या, पण बिनटचची, वायरी दोन पेरांच्या, चित्र एकास एक आणि काळ्या पट्ट्यांची लाज न बाळगता. जमल्यास त्याच मापाची आयपीएस शोधा, डोळे वाचतील, मी थोडे पैसे वाचवायला गेलो आणि डोकेदुखी घेऊन आलो. फक्त जीबीए आणि नजर तरुण असेल तर चौकोनी. सॉनिक पाहिजे, प्लेस्टेशन पाहिजे, तर एसपीआयच्या नादी लागूच नका, डीपीआय घ्या नाहीतर तयार हँडहेल्ड घ्या, पैशात फार फरक राहत नाही हे पण खरं. आणि जुना सिंगल कोर पाय झिरो कपाटात पडलाय म्हणून त्याच्यावर हे सगळं करू नका, तिथे फ्रेम ताडून बघण्यातच अर्धा जीव जातो.

लाल पाटीवाला जुना सेट भाचा घेऊन गेला. परवा बहिणीचा फोन, म्हणे तो सारखा एक डोळा मिटून खेळतो, डॉक्टरकडे नेऊ का. तिला म्हटलं डोळा ठीक आहे गं, स्क्रीन उलटी लावून देतो, निदान दुसरा डोळा मिटेल.